बीहून, एक नग

अर्ज केल्याशिवाय मी आयुष्यात काहीही केलेलं नाही. लग्नसुद्धा रजेचा अर्ज मंजूर झाल्यावरच केलं. मंजुरी दोन दिवस उशिरा आली म्हणून मुहूर्त पुढे ढकलावा लागला, आणि सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत लक्षात ठेवलं. जिल्हा परिषदेच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं, की आत आलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद हवी, बाहेर गेलेल्या प्रत्येक गोष्टीची पोच हवी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला आमच्या घरात सर्रास ‘मूर्खपणा’ म्हटलं जातं. तो मूर्खपणा नव्हता. ती कार्यपद्धती होती.

सिंगापुरात, टॅम्पिनीसमध्ये, आमच्या मुलाचा, अमेयचा, भाड्याचा फ्लॅट आहे. सातवा मजला. मी आणि माझी पत्नी अंजली दोन वर्षांपूर्वी इथे आलो ते नातीसाठी. इरा नऊ वर्षांची. आईबाप दोघेही नोकरीला, म्हणून ही पोर शाळा सुटल्यावर पाळणाघरात बसून असायची. आम्ही आलो आणि ते थांबलं. आम्हाला इथे राहण्यासाठी एक पास लागतो, आणि त्या पासाचं नूतनीकरण त्या महिन्यात अडकलेलं होतं. म्हणजे अडकलेलं नव्हतं, ‘विचाराधीन’ होतं. चौतीस वर्षं मी लोकांना हाच शब्द लिहून पाठवत आलो. तो वाचणारा रात्री किती वेळा उठून ईमेल बघतो, हे मला सदुसष्टाव्या वर्षी समजलं.

तर कॉरिडॉरमध्ये आमच्या तीन कुंड्या आहेत. तुळस, कढीपत्ता आणि अळू. एका दुपारी वडीसाठी पानं कापायला मी अळूच्या कुंडीत हात घातला, तेवढ्यात मागून इरा म्हणाली, “आजोबा, डोन्ट मूव्ह ला!” (‘ला’ ही इथल्या इंग्रजीची शेपटी. जोर द्यायचा असला की वाक्याला लावतात.)

देठाशी एक साप होता. पेन्सिलीएवढा. तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे. सातव्या मजल्यावर तो लिफ्टने तर आला नसणार. गेल्या महिन्यात आणलेल्या मातीच्या पिशवीत अंडं आलं असावं, असा माझा कयास. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही पुढची कार्यवाही सुचेना.

“सो स्मॉल! त्याला मम्मी पण नाही,” इरा म्हणाली. “आजोबा, आपण ठेवू या ना. प्लीज.”

मी निर्णय वरिष्ठांकडे, म्हणजे अंजलीकडे पाठवला. ती ओला हात पदराला पुसत बाहेर आली, पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण ती म्हणाली, “नागपंचमी नऊ दिवसांवर आलीय. श्रावणात दारात आलेल्याला हाकलायचं नाही. पण घरात आणलात तर स्वयंपाकघराच्या अलीकडे. आणि क्षिप्राला कळता कामा नये.”

क्षिप्रा आमची सून. बँकेत आहे. घरभाडं नुकतंच वाढलं होतं, म्हणून तिने फ्रिजवर कागद चिकटवला होता: ‘दिवाळीपर्यंत नवीन खर्च बंद.’ साप हा नवीन खर्च होता, यात शंका नाही. अमेय ऑडिटसाठी दोन आठवडे जकार्तात. कपडे धुण्याच्या मशीनशेजारची छोटी बाल्कनी माझ्या अखत्यारीत येते, तिथे क्षिप्रा फिरकत नाही. साप तिथे रुजू झाला. इराने त्याचं नाव ठेवलं बीहून, म्हणजे इथल्या तांदळाच्या शेवया. मी माझ्या वहीत नोंद केली. (निवृत्तीनंतरही मी एक आवक-जावक वही ठेवतो. वाण्याकडून आलेली डाळ, इस्त्रीला गेलेले शर्ट. सवय.) ‘आवक: साप, लहान, एक नग. शेरा: प्रकृती बरी.’

इराने टॅबवर शोधून काढलं की साप पाळायला काचेची पेटी, उष्णतेचा दिवा, दोन तापमापक, आणि गोठवलेली उंदराची पिल्लं लागतात. एकूण रकमेत आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो असतो. मी म्हटलं, “बाळ, काटकसर म्हणजे काय ते आता बघ.” तांदळाचा जुना प्लास्टिकचा डबा घेतला, दाभण तापवून झाकणाला छत्तीस भोकं पाडली. लपायला नारळाची करवंटी. पाण्याला लोणच्याच्या बाटलीचं झाकण. उष्णतेचा दिवा रद्द, कारण सिंगापुरात ऊब बारा महिने फुकट आहे आणि कुणी मागितलेली नाही. हाताळणीसाठी क्षिप्राचे ओव्हनचे हातमोजे. झाकण फक्त मी उघडायचं, असा नियम केला. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आपल्याकडे कवड्या नावाचा साप असतो, बिनविषारी, गरीब. त्याचेही पट्टे असेच. आणि मण्यार असते. तिचेही पट्टे असेच. इरा शपथेवर सांगत होती की हा कवड्याचा इथला चुलतभाऊ. इंटरनेटवरचे दोन्ही फोटो मी चष्मा पुसपुसून पाहिले. मला ते जुळे भाऊ वाटले.

खाण्याचा प्रश्न मात्र बिकट झाला. शेजारचे को अंकल सेम्बावांगच्या गोदीत चाळीस वर्षं वेल्डिंग करून निवृत्त झालेले. आम्ही दोघेही एकमेकांना अंकल म्हणतो. त्यांना इराने सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, “अंकल, लावीचं अंडं दे. ताकद येते.” मग हळूच विचारलं, “लांबी किती इंच?” मला वाटलं, कळकळ. नंतर समजलं, घरी साप येणं इथे शुभ मानतात आणि लॉटरीचा आकडा त्यावरून लावतात. लावीचं अंडं सापाच्या डोक्याच्या दुप्पट होतं. बीहूनने त्याला वळसा घातला आणि झोपला.

“हा पाल खातो,” इराने निकाल दिला. “लिहिलंय इथे.”

पाल आमच्याकडे विनामूल्य होती. ट्यूबलाइटमागे दोन, शूरॅकमागे एक. अडचण अशी, की अंजलीला साप चालतो, पाल चालत नाही. त्यामुळे हे काम ती खाली भाजी आणायला गेल्यावर करावं लागे. मी स्टुलावर, एका हातात चहाचं गाळणं, दुसऱ्या हातात लग्नपत्रिका. गाळणं पालीवर, पत्रिका गाळण्याखाली. सिद्धान्त निर्दोष होता. चार दिवसांत मी तीन शेपट्या पकडल्या. पाल एकही नाही. एकदा स्टूल सरकलं आणि मी मशीनवर बसलो. ते सुरू होतं. इराने माझा त्या वेळचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलेला आहे. चहा मात्र घरात सगळेच आवडीने पीत होते, त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

सहावा दिवस. बीहूनने काही खाल्लेलं नाही. शाळेतून आल्यावर इरा दप्तर न काढता डब्यापाशी जाऊन बसे. “आजोबा, तो बारीक झाला.” मुळात जो शेवयांएवढा, तो आणखी बारीक कसा होणार, असं मी म्हणालो खरा. पण झाला होता.

त्याच दिवशी विभाताई आल्या. विभाताई इथल्या मराठी मंडळाच्या आधारस्तंभ. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांना ताई म्हणावं लागतं. बिशानला कॉंडोत, म्हणजे महागड्या खासगी इमारतीत, राहतात आणि आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये श्वास रोखून धरतात. नागपंचमीच्या दिंडांसाठी अंजलीने मागितलेलं मोदकपात्र घेऊन त्या आल्या होत्या. ते ठेवायला सरळ बाल्कनीत गेल्या.

“अगंबाई, काकू, मोड आणायला एवढा मोठा डबा?” आणि झाकण अर्धं वर केलं.

मी धावलो. झाकण दाबलं. विभाताईंच्या तोंडातून शब्द फुटेना, ही मंडळाच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

“काका,” शेवटी त्या म्हणाल्या, “खरा?”

“विभाताई, हे कुणाला सांगायचं नाही.”

“छे हो! मी कशाला सांगतेय?” त्यांनी फोन पर्समधून बाहेर काढता काढता म्हटलं.

आता कार्यपद्धतीकडे येतो. तिसऱ्याच दिवशी माझ्या मनाने घेतलं होतं, की आपण परक्या देशात आहोत, घरात एक सजीव वाढला आहे, आणि कुठेही नोंद नाही. उद्या पासाच्या वेळी कुणी विचारलं तर? म्हणून मी प्राण्यांच्या खात्याला अर्ज केला. विषय, संदर्भ, परिच्छेद क्रमांक, सगळं. ‘उपरोक्त साप दिनांक अमुकपासून अर्जदाराने पाळला असून, त्यास स्वखर्चाने पाली देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. तो कायमस्वरूपी ठेवण्याची परवानगी मिळावी.’ नाव, ब्लॉक, मजला, पासाचा क्रमांक. सोबत छायाचित्र: मी, हातमोजे आणि बीहून.

विभाताई गेल्यावर इराला मी अभिमानाने अर्जाची प्रत दाखवली. तिने ती वाचली. मग टॅब घेतला. मग त्यावर बोट वर-खाली सरकवत राहिली.

“आजोबा, तुम्ही गूगल केलं का नाही आधी?”

“मी अर्ज केला.”

“आजोबा, साप ठेवणं इज अगेन्स्ट द लॉ. कुठलाच साप. पकडणं पण. खायला देणं पण.”

“मग सोडून देऊ.”

तिने आणखी खाली वाचलं. “सोडणं पण.”

पकडणं गुन्हा, पाळणं गुन्हा, खाऊ घालणं गुन्हा, सोडणं गुन्हा. आणि या चारपैकी तीन गुन्हे मी पासाच्या क्रमांकासह, स्वच्छ इंग्रजीत, स्वतःच्या सहीनिशी कबूल केलेले. तिसऱ्याबाबत प्रयत्न सुरू असल्याचंही नमूद होतं.

अंजली कणकेचा हात तसाच धरून उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “अहो, पास नाही मिळाला तर ही पोर पुन्हा त्या पाळणाघरात बसणार.”

इराने माझी बाही धरली. “आजोबा, ते तुम्हाला पाठवून देणार?”

“छे. त्यांना उत्तर द्यायला सहा महिने लागतील,” मी म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. खात्याचं उत्तर. अधिकारी गुरुवारी दुपारी दोन वाजता येतील. चौतीस वर्षांत मी एकाही अर्जाला तीन दिवसांत उत्तर दिलं नव्हतं, आणि कुणी देत असेल यावर माझा विश्वासही नव्हता.

गुरुवारी नागपंचमी होती.

त्या दिवशी अंजलीने पाटावर चंदनाचा नाग काढला, लाह्या ठेवल्या. या दिवशी आमच्याकडे विळी-सुरी बंद, तळण बंद, माती खणणं बंद. सगळं उकडून. मोदकपात्रात दिंडं ठेवली होती. मी ‘उपरोक्त अर्ज मागे घेत आहे’ असा दुसरा अर्ज तयार करून खिशात घातला होता. त्याखाली इरानेही सही केली होती. दीड वाजता बेल वाजली. अधिकारी अर्धा तास आधी! मी खिशातला अर्ज चाचपला.

दारात विभाताई. मागे मंडळाच्या चार भगिनी. प्रत्येकीच्या हातात दुधाची वाटी.

“काकू, दर वर्षी चित्राची पूजा करतो हो आम्ही. खरा नाग म्हटल्यावर कुणाला राहवेना.”

“विभाताई, दोन वाजता सरकारी माणूस येतोय,” मी म्हणालो.

“पाच मिनिटांचं काम. एक बोट कुंकू लावलं की निघालो.”

“आंटी, स्नेक्स कान्ट ड्रिंक मिल्क,” इरा आडवी उभी राहिली. “तो आजारी पडेल.”

“श्रद्धा असली की पचतं, बाळा.”

मी हातमोजे शोधायला वळलो, तोवर ताईंनी झाकण काढून बोट आत घातलंही होतं. करवंटी हलली. पट्टे दिसले. आणि ताईंना आजोळच्या घरात निघायचे ते साप आठवले.

“मण्यार! अहो काका, ही मण्यार आहे!”

त्यानंतर तीन-चार क्षणांत जे घडलं त्याची नोंद करणं अवघड आहे. डबा आडवा झाला. दूध सांडलं. पाच भगिनी सोफ्यावर चढल्या. तो तिघांचा आहे. मी उरलो जमिनीवर, आणि माझ्यासमोर रिकामी करवंटी.

दोनला दहा मिनिटं कमी.

मी आणि इरा पोटावर झोपून सोफ्याखाली, मशीनखाली, फ्रिजखाली बघत होतो. मोदकपात्राचं झाकण मी श्वास रोखून उघडलं. दिंडं मोजली. अकरा ठेवलेली, अकराच होती. आता भीती दोन प्रकारची होती. साप सापडला तर काय, आणि नाही सापडला तर काय. वरून ताई सारख्या सांगत होत्या, “चावली तर पाणीसुद्धा मागत नाही हो माणूस.” अंजलीने विचारलं, “मग ही पोर नऊ दिवस त्या डब्यापाशी बसत होती, ते तुम्हाला ठाऊक होतं?” मी पुन्हा फ्रिजखाली डोकं घातलं.

बरोबर दोन वाजता बेल वाजली.

अधिकारी म्हणजे पंचविशीची एक मुलगी, फरीदा नावाची. हातात चिमटा, खांद्याला पिशवी. दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगात तिने आपले उंच बूट काढून नीट शेजारी ठेवले आणि आत आली. सोफ्यावर पाच बायका पाय वर घेऊन बसलेल्या. जमिनीवर दूध. मी गुडघ्यांवर.

“अंकल, काही समारंभ आहे का?” तिने विचारलं.

“होय. सापाचा सण.”

तिने पिशवीतून माझा अर्ज काढला. दोन पानं. काही ओळींखाली पिवळी शाई. माझ्या लिखाणाकडे एवढं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं. “प्राणी कुठे आहे?”

“प्राणी,” मी म्हणालो, “सध्या जागेवर नाही.”

तिने घर पाहिलं. विजेरीने कोपरे पाहिले, नळ्या पाहिल्या, ट्यूबलाइटमागच्या दोन बिनशेपटीच्या पालीही पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मग कॉरिडॉरमध्ये गेली. “या कुंडीची माती उकरून बघायला हवी.”

“नाही,” अंजली म्हणाली. तिचं इंग्रजी तोकडं आहे, पण सूर भक्कम. “टुडे नो डिगिंग. फॉर स्नेक. टुमॉरो यू कम, यू डिग.”

मला वाटलं, आता पास गेलाच. पण फरीदाने चिमटा मागे घेतला. “प्रार्थनेचं आहे का, आंटी? ओके. नाही खणत.” कुंडीवर नुसता प्रकाश टाकून ती आत आली, टेबलाशी बसली. अंजलीने तिच्यापुढे तूप घातलेलं दिंड ठेवलं. तिने ते खाल्लं आणि टॅबवर लिहायला लागली.

“साप आढळला नाही,” तिने मोठ्याने वाचलं. “डबा रिकामा. साप नाही, तर मला पुढे फारसं काही करता येत नाही, अंकल. प्रकरण बंद करते.”

सोफ्यावरून पाच सुस्कारे एकदम आले. अंजलीने चंदनाच्या नागाला हात जोडले. मला मात्र सवयीने एकच सुचलं. “पोच मिळेल का?” ती हसली. माझ्या प्रतीवर सही करून निघाली.

मी दारापर्यंत सोडायला गेलो. इरा माझ्याबरोबर. फरीदाने उजवा बूट चढवला. डाव्या बुटाकडे हात नेला. आणि त्या बुटाच्या काठावर मला पांढुरक्या पट्ट्यांचं, पेन्सिलीच्या टोकाएवढं काहीतरी आत जाताना दिसलं.

गप्प राहिलो असतो तर प्रकरण बंद होतं. पोच खिशात होती. इराने ते पाहिलं होतं. ती ओरडली नाही. तिने फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या पोरीने एवढं विचाराधीन कधी बघू नये.

“मॅडम, थांबा!” मी म्हणालो. “अर्जातला प्राणी आपल्या डाव्या बुटात आहे.”

फरीदाने पाय हवेतच थांबवला. खाली बसली. बूट अलगद आडवा केला आणि चिमटा न वापरता, नुसत्या हाताने बीहूनला बाहेर घेतलं. आतून ताई किंचाळल्या.

“वुल्फ स्नेक,” फरीदा म्हणाली. “विष नाही. इमारतींत सगळीकडे असतात. आणि हे बघा, पोट. आत्ताच जेवलाय.”

त्याच्या मधोमध एक फुगवटा होता. नऊ दिवस, तीन शेपट्या आणि एका मशीनवर आपटून मला जे जमलं नाही, ते या गृहस्थाने भगिनींनी उघड्या ठेवलेल्या दारातून बाहेर पडून अळूच्या कुंडीत अर्ध्या तासात उरकलं होतं.

“सगळी चूक माझी आहे,” मी दुसरा अर्ज पुढे केला. “नात अल्पवयीन आहे. पत्नीने वेळोवेळी विरोध केला.”

“कधी केला?” अंजली मागून म्हणाली.

फरीदाने दुसरा अर्ज वाचला. खालच्या दोन सह्या पाहिल्या. मग पहिला पुन्हा वाचला. इराने माझं बोट घट्ट धरलं होतं, इतकं की अंगठी रुतली.

“मला वर कळवावं लागेल,” ती म्हणाली. “पण तुम्ही परवानगी मागितली आणि ती मिळालेली नाही. आणि साप मला घरात नाही, कॉरिडॉरमध्ये मिळाला. जे झालं ते तसंच लिहीन. पुढच्या वेळी फोन करा, अंकल. लिहू नका.”

पोचवर तिने आणखी एक ओळ घातली: ‘साप, एक, सुस्थितीत मिळाला. ठिकाण: अधिकाऱ्याचा बूट.’ इराने पिशवीवर हात ठेवून त्याला बाय केलं. लिफ्ट बंद झाली. को अंकल दारातून हे बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, “बूट किती नंबरचा?”

मी वही काढली. ‘जावक: बीहून, एक नग.’ शेऱ्याच्या रकान्यात मला काही सुचेना. मी पेन इराला दिलं. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणाऱ्या त्या पोरीने, ओठ चावत, मोठाल्या मराठी अक्षरांत लिहिलं: ‘जेवून गेला.’

पुढचे पंधरा दिवस मी ईमेल दिवसातून चाळीस वेळा पाहिलं. खात्याकडून एक समज देणारं पत्र आलं, अतिशय सभ्य. क्षिप्राला आम्ही सगळं सांगितलं. ती हातमोजे फेकायला उठली आणि गाळण्याचं ऐकून परत बसली. सोळाव्या दिवशी शनिवार होता. मी अळूला पाणी घालून आत आलो, तर इरा माझी वही घेऊन बसली होती आणि शेजारी फोनवर पासाचं उत्तर उघडलेलं. मी चष्मा शोधत राहिलो. तो डोळ्यांवरच होता.

“आजोबा, मी एन्ट्री केली,” ती म्हणाली.

मी वाचली. ‘आवक: आजी, आजोबा. दोन नग.’ आणि शेऱ्यात: ‘परत द्यायचे नाहीत ला.’